डोकेवाला धबधबा बघायला जातो

गल्लीत त्याला डोकेवाला म्हणत. तो फार हुशार होता म्हणून नव्हे. तसा गैरसमज त्याचा स्वतःचाही नव्हता. खिळ्यांच्या कारखान्यात तार कापली की तुकड्याच्या एका टोकाला ठोका देऊन खिळ्याचं डोकं उठवावं लागतं. ते काम करणाऱ्या यंत्रावर त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली. आपण शहरातल्या निम्म्या खुर्च्या-टेबलांना डोकं दिलंय, असं तो एकेकाळी सांगायचा. कारखाना बंद पडला आणि त्याने ते सांगणंही बंद केलं. आता तो एका फर्निचरच्या गोदामावर राखणदार होता. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, कोणी कधीच न बसलेल्या सोफ्यांच्या मधोमध एका लाकडी स्टुलावर तो दिवसभर बसून असे. सोफ्यावर बसायची त्याला परवानगी नव्हती आणि खरं सांगायचं तर हौसही उरली नव्हती.

बायको त्याच कारखान्यातली. त्याच्या यंत्रासमोरच्या टेबलावर ती खिळे तोलून पुड्यांत भरायची. दोघांची ओळख, पहिलं भांडण, समेट आणि लग्नाची बोलणी हे सगळं त्या शेडमध्येच झालं, आणि त्यातला एकही शब्द कोणाच्या कानावर पडला नाही. यंत्रांचा आवाजच असा होता की कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी उपयोग नसे. म्हणून शेडमधली माणसं आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायची. ओठ मोठे हलवायचे, भुवया आणि हात जोडीला घ्यायचे, की शेडच्या या टोकाची चहाडी त्या टोकाला क्षणात पोचायची. त्या बोलीत मानपान नव्हता. अहो-जाहो करत बसायला ओठांना सवड नसते. सगळे सगळ्यांना ‘तू’ म्हणत, साहेबालासुद्धा, आणि साहेब पाठमोरा असला तर त्याहून वाईट.

घरी मात्र ही बोली चालली नाही. त्याची आई तेव्हा होती. सून नवऱ्याशी ओठ हलवून काहीतरी बोलते आणि आपल्याला ऐकू येत नाही, याचा म्हातारीने एकच अर्थ काढला. रडारड झाली, जेवण सोडून झालं. तेव्हापासून घरात ओठांनी बोलायचं नाही असं ठरलं. आवाजात बोलायचं, तर बायकोच्या तोंडी ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ आलं, आणि त्याच्यामागे फारसं काही आलंच नाही. भाजी संपली. बिल आलं. दिवा घालवा. म्हातारी गेली तोवर दोघांना त्याचीच सवय झाली होती. मनातलं बोलायचं ते दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बोलून व्हायचं, त्यामुळे काही अडत नव्हतं. शेडला कुलूप लागलं तेव्हा अडलं. पण तोवर त्याचे दोन्ही कान आणि तिचा एक कान त्या ठोक्यांनी खाऊन टाकले होते, आणि अडलंय हे एकमेकांना सांगायचं कसं, तेही त्यांना कळेना.

अशा घरात एके दिवशी बायको ताट वाढता वाढता म्हणाली, “रविवारी मुलगी न्यायला येतेय. मला.”

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करायची. तिला बाळ झालं होतं. बाळ शाळेत जाईपर्यंत आजीने तिकडे राहावं अशी काहीतरी योजना आहे, इतपत त्याला उडत उडत माहीत होतं. मुलीचं घर म्हणजे खुराडं. त्यात आजी कशीबशी मावली असती, आजोबा मावण्यासारखे नव्हते.

“बरं,” तो म्हणाला आणि जेवू लागला.

त्याला काही वाटलं नाही. मायलेकींनी परस्पर ठरवलं, आपल्याला विचारलंसुद्धा नाही, हे त्याला दिसत होतं, पण नखाला चिमटा काढावा तसं ते कुठे लागत नव्हतं. कारखान्यातलं यंत्र भंगारात गेलं तेव्हाही असंच झालं होतं. आपण रडू असं त्याला वाटलं होतं आणि त्याने घरी जाऊन नखं कापली होती. पलंगाखाली तिची बॅग भरत होती, रोज थोडी थोडी फुगत होती. राहा म्हणावं की जा म्हणावं, हे तो मधूनमधून स्वतःला विचारून बघायचा. आतून उत्तर यायचं नाही.

त्या आठवड्यात बायको म्हणाली, “जाण्याआधी एकदा तो धबधबा बघू. सगळी गल्ली बघून आली.”

गल्ली बघून आली होती हे खरं. शिवणवाल्या बाईंनी तर धबधब्यासमोर उभं राहून काढलेला फोटो मोठा करून दुकानात लावला होता. फोटोत बाईंच्या अंगावर कडक इस्त्रीचे कपडे होते, केस जागच्या जागी होते. त्यावरून या दोघांनी असा निष्कर्ष काढला की धबधबा हे नीटनेटकं होऊन जायचं ठिकाण आहे. त्याने समारंभाचे काळे बूट पॉलिश करून घातले. तिने बारीक पट्ट्यांच्या चपला घातल्या. डब्यात उकडलेली अंडी आणि पाव घेतला. पाण्याची बाटली घ्यायची का, असं त्याने विचारलं.

“धबधब्याला चाललोय,” ती म्हणाली. “तिथे पाणी कशाला न्यायचं?”

त्याला ते पटलं.

बसने पायथ्याशी सोडलं. फाटकापाशी तोंडाला मफलर गुंडाळलेला एक रखवालदार उभा होता. त्याने दोघांच्या पायांकडे पाहिलं आणि हातवारे करत बरंच काही सांगितलं. मफलरमुळे त्याचे ओठ दिसत नव्हते. डोकेवाल्याने नेहमीप्रमाणे मान डोलावली. “हो, हो. बरं.” कान गेल्यापासून त्याची ही रीतच झाली होती. पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘हो’ म्हटलं की लोक खुश होतात आणि निघून जातात. बायको त्याच्या बाजूलाच होती, पण रखवालदार तिच्या बहिऱ्या कानाकडे उभा होता आणि ती वाकून चपलेचा पट्टा आवळत होती. नवरा इतक्या ठामपणे माना डोलावतोय म्हणजे त्याने ऐकलंय, असं तिने धरून चाललं. तिने काहीच विचारलं नाही, म्हणजे तिने ऐकलंय, असं त्याने धरून चाललं. पुढे वाट दुभंगली तेव्हा तो तिच्याकडे बघून थांबला, ती त्याच्याकडे बघून थांबली, आणि मग दोघेही उजवीकडे वळले.

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते बसून म्हणणाऱ्यांनी म्हटलेलं आहे. पण ही वाट दुरूनसुद्धा साजरी नव्हती. पहिल्या वळणानंतर तिने माणसांची रीत सोडली आणि बकऱ्यांची धरली. दगडावरून दगड, मुळांना धरून वर, मग भुसभुशीत मातीवरून घसरत खाली, आणि पुन्हा वर. समारंभाच्या बुटांचे तळ काचेसारखे गुळगुळीत होते. घसरला की तो जवळचं झुडूप धरायचा, आणि जवळचं झुडूप नेमकं काटेरी असायचं. हातातून रक्त आलं. त्याने ते पँटला पुसलं. दुखत असावं, असं त्याला वाटलं.

सूर्य चढला. घसा कोरडा पडला. अंडी आणि कोरडा पाव यांच्याइतका तहानलेल्या माणसाला निरुपयोगी डबा जगात दुसरा नसेल. मागून काठ्या टेकत एक तरुण जोडपं आलं, पाठीवर पिशव्या, पायात हे एवढाले बूट. त्यातली मुलगी थांबली, तिने स्वतःची बाटली पुढे केली आणि काहीतरी विचारलं.

“हो, हो,” डोकेवाला म्हणाला.

बायकोने या वेळी चांगला कान पुढे केला होता. “ती विचारतेय, काका, तुम्ही या वाटेने मुद्दाम आलात का?”

“मुद्दाम म्हणजे?”

“सोपी वाट डावीकडे होती. फाटकावर सांगतात म्हणे सगळ्यांना.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “मला वाटलं तू ऐकलंस.”

“मला वाटलं तुम्ही ऐकलंत. हो हो म्हणत होतात की.”

तरुण जोडप्याला हसू आवरेना. त्यांनी घोटभर पाणी पाजलं, मागे फिरण्यापेक्षा आता पुढे जाणंच बरं असं सांगितलं आणि ते भराभर पुढे निघून गेले. हे दोघे उभेच राहिले. इथे भांडायला हरकत नव्हती. वाट मोकळी होती, म्हातारी नव्हती, शेजारी नव्हते. पण भांडायलाही आत काहीतरी पेटावं लागतं. त्याने तिचा हात धरून तिला पुढच्या दगडावर ओढून घेतलं, एवढंच.

पुढे तिच्या चपलेचा पट्टा तुटला. त्याने आपला रुमाल फाडून चप्पल पायाला बांधली. बांधताना तो तिच्या पायाशी बसला होता आणि तिच्या घोट्यावरच्या सुजेकडे बघत होता. रविवारनंतर हा पाय इथे नसणार, असा विचार त्याने मुद्दाम करून पाहिला. विचार आला तसा गेला. आपल्यात काहीतरी बिघडलंय, एवढं त्याला कळत होतं, पण याची दुरुस्ती कोण करतं ते ठाऊक नव्हतं.

धबधबा त्याला आधी पायांत जाणवला. दगड थरथरत होता. मग ते एका खडकाच्या कडेने वळले आणि समोर पाणी होतं. उंच, पांढरं, आणि त्याचा आवाज असा की बाकी सगळं बंद झालं. खाली सपाट खडकावर माणसांची ही गर्दी. सोप्या वाटेने आलेली, कोरडी, केस जागच्या जागी असलेली माणसं. सगळी एकमेकांच्या कानात ओरडत होती, कानाला हात लावत होती, खुणा करत होती, आणि कोणाचं कोणाला कळत नव्हतं.

बायको त्याच्याकडे वळली. तिचे ओठ हलले. भूक लागली का?

त्याने मान डोलावली नाही. त्याला कळलं होतं. लागली, त्याचे ओठ म्हणाले. पण पाणी आधी.

ते प्यायले. ओंजळीने, कोपरापर्यंत भिजत. मग खडकावर समोरासमोर बसून अंडी सोलायला लागले, आणि तिने ओठांनी विचारलं, ती डावीकडची बघ, फोटोसाठी किती वेळ हसून उभीये, गाल दुखत नसतील? तो म्हणाला, नवऱ्याला फोटो काढता येत नाही, अंगठा पुढे येतोय त्याचा. ती म्हणाली, तुझाही यायचा. तो म्हणाला, माझ्याकडे कॅमेरा कधी होता? ती म्हणाली, माझ्या बहिणीच्या लग्नात, सगळ्या फोटोंत तुझा अंगठा आहे. हे सगळं त्या बाईपासून हातभर अंतरावर बसून चाललं होतं. कारखाना बंद झाल्यापासून ते दोघे मिळून जेवढं बोलले नव्हते तेवढं एका अंड्यात बोलून झालं.

मग ती म्हणाली, तुला काहीच वाटलं नाही?

कशाचं?

मी जातेय त्याचं.

तो पाव चावत राहिला. मग म्हणाला, तुम्ही दोघींनी ठरवलंत. मला कोणी विचारलं?

तिचा हात थांबला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, खिळ्यांचा तोल बघायची तसं. तुलाच विचारलं. आधी तुलाच. मुलीने फोन केला, तू उचललास. तिने विचारलं, बाबा, आईला इकडे आणू का, तुमचं काय म्हणणं आहे. तू म्हणालास, हो हो, बरं. आणि फोन माझ्या हातात दिलास.

त्याला तो फोन आठवला. आठवण्यासारखं त्यात काही नव्हतं. कानाशी डास गुणगुणावा तसा आवाज, त्यात मधेच ‘बाबा’, आणि मग तिचं थांबणं. ती थांबली म्हणजे आपण काहीतरी म्हणायचं असतं. तो म्हणाला होता.

मला ऐकू आलं नाही, त्याचे ओठ म्हणाले.

मग हो का म्हणालास?

मी सगळ्यालाच हो म्हणतो.

 तुषार उडून तिचा चेहरा ओला झाला होता. मी दारात उभी होते, ती म्हणाली. फोनचा आवाज तुझ्यासाठी मोठा केलेला, तिचा प्रश्न मला तिथवर ऐकू आला. वाटलं, थोडा तरी थांबेल. विचार करून सांगतो म्हणेल. तू श्वास घ्यायलासुद्धा थांबला नाहीस. मग मी म्हटलं, ठीक आहे. मग मी बॅग काढली.

त्याने हातातलं टरफल डब्यात टाकलं.

आणि ऐकू आलं असतं तर? तिने विचारलं. तर काय म्हणाला असतास?

‘नको म्हणालो असतो’ असं सांगणं सोपं होतं. पण ओठांच्या बोलीत समोरचा सारखा तोंडाकडेच बघत असतो. तिथे थाप मारायची तर पट्टीचा माणूस लागतो, आणि डोकेवाला तसा नव्हता. त्याने खरंच आत शोधलं. तो फोन ऐकू आला असता तर कदाचित त्याने तेव्हाही ‘बरं’ म्हटलं असतं, जेवायला बसला असता, नखं कापली असती. हे त्याला दिसलं आणि त्याला भीती वाटली. बऱ्याच काळाने त्याला काहीतरी वाटलं, ते हे.

तो उत्तर देणार तेवढ्यात एक मोठं कुटुंब कॅमेऱ्याची तिपाई घेऊन त्यांच्या मधे येऊन उभं राहिलं. ते कुटुंब हललं तेव्हा बायको डबा बंद करून पाण्याकडे तोंड करून बसली होती. मागून ओठ हलवून काही उपयोग नसतो.

उतरताना ते सोप्या वाटेने उतरले. त्या वाटेला दोन्ही बाजूंना कठडा होता, बसायला बाक होते, आणि लोक बाबागाड्या ढकलत वर येत होते. एका बाकावर शिवणवाल्या बाईंच्या वयाची एक बाई लोकर विणत बसली होती. शेडच्या दिवसांत यावर दोघांनी हसून घेतलं असतं. बायको लंगडत होती आणि त्याने तिला आधार दिला होता. धबधब्याचा आवाज एकेका वळणाला कमी होत गेला आणि पायथ्याशी पूर्ण थांबला. तिथे चहाची टपरी होती, बसथांबा होता आणि बसची वाट बघणारी बरीच माणसं होती. सगळी दमलेली, गप्प.

तो उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

“फोन दे.”

“कशाला?”

“मुलीला लाव.”

फोन म्हणजे त्याच्या शत्रूपक्षातली वस्तू. तो आपणहून मागतोय म्हटल्यावर तिने न बोलता नंबर लावून दिला. त्याने फोन कानाला धरला आणि गुणगुण सुरू झाल्यावर बोलायला सुरुवात केली.

“मी बोलतोय. तू बोलू नकोस, मला काही कळणार नाही. तू मागे काय विचारलंस ते मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं. मी हो म्हणालो ते चुकून. आता नाही म्हणतोय. आईने येऊ नये असं माझं म्हणणं आहे.”

शेडमध्ये जन्म काढलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. टपरीवाला चहा ओतायचा थांबला. बसथांब्यावरची सगळी तोंडं त्यांच्याकडे वळली. बायकोने त्याच्या हातातून फोन घेतला, आपल्या चांगल्या कानाला लावला आणि त्याच्यासमोर उभी राहिली. मुलगी तिकडे जे म्हणत होती ते ती ओठांनी त्याला सांगू लागली.

विचारतेय, का.

“का म्हणजे?” तो म्हणाला. “ती गेली तर मी बोलू कोणाशी?”

हे मुलीला थेट ऐकू गेलं असणार. बायकोने फोन कानाशी घट्ट धरला. मग तिचे ओठ हलले. विचारतेय, आईला काय हवंय.

एवढं सांगून तिने ओठ मिटले. तिच्या बाजूचं उत्तर तिने फोनमध्ये दिलं नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हे तिला अजून कोणीच विचारलेलं नाही. मुलीने त्याला विचारलं, त्याने हो म्हटलं, आणि बॅग भरली गेली.

“तुला काय हवंय?” त्याने विचारलं.

“मी नंतर करते,” तिने फोनमध्ये सांगितलं आणि तो बंद केला. मग ती बाकावर बसली. तो तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसला. पण ती त्याच्याकडे वळून बोलली, आवाजात, प्रत्येक शब्द ओठांवर स्पष्ट उमटवत.

“मला जायचंय. तिथे बाळ आहे. दिवसभर कोणी ना कोणी काहीतरी बोलत असतं. या घरात मला गुदमरायला होतं. तुम्ही नाही म्हणाला असतात तरी मी गेले असते.”

त्याने विचारलं, “मग?”

“मग काय. पण तुम्ही नाही म्हणायला हवं होतं.”

“म्हणालो की आत्ता.”

“हो,” ती म्हणाली. “सगळ्या थांब्याने ऐकलं.”

त्याला वाईट वाटलं. ते कुठून आलं ते त्याला कळलं नाही, पण आलं ते चांगलंच आलं, आणि त्याबरोबर काट्यांनी फाटलेले हातही एकदम दुखायला लागले. त्याने हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत तो बसून राहिला. तिने ते पाहिलं. तिने टपरीवरून पाण्याचा पेला आणून त्याच्या तळहातांवर ओतला.

बस आली. माणसं चढायला लागली. तो आधी चढला नाही. ती वर चढून आत जागा शोधेपर्यंत खालीच उभा राहून खिडक्यांमधून तिच्या तोंडाकडे बघत राहिला, ती काही बोलतेय का ते बघायला.